पिकली पानं झाडाला

आजीच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण होते. चोळीच्या बाहीखाली अर्धे झाकलेले, रुपयाएवढे, मधे खोलगट. उन्हाळ्यात अंगणात तिच्या शेजारी पडलं की माझं बोट आपोआप तिथे जायचं. मग ती सांगायची, "देवी डाक्टर आला तवा म्हातारीनं मला कणगीमागं दडवलं हुतं. पर त्यानं हुडकून काढलं." म्हातारी म्हणजे तिची आजी. आम्ही तिला थोरली आजी म्हणायचो, पाहिली कुणीच नव्हती. कणगीपासून सुरू झालेली गोष्ट हमखास मानमोडीपाशी यायची, आणि तिथे आल्यावर आजीचा आवाज खाली जायचा.

साल १९१८. आजी तेव्हा सात वर्षांची होती. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेकाठचं. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि ज्वारी गुडघ्यातच वाळली होती. नवरात्राच्या सुमाराला गावात ताप शिरला. मान अवघडायची, पाठ मोडून यायची, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं मानमोडी. आजीच्या घरात आधी धाकटा काका गेला. मग तिची आई. आई चोवीस वर्षांची होती, पदराखाली सहा महिन्यांचं बाळ होतं, तेही आठवड्यात गेलं. खांदा द्यायला माणसं मिळेनात. सरणाला लाकडं पुरेनात. त्याच घरात त्याच धुरात, पन्नाशीची थोरली आजी सगळ्यांच्या उशाशी बसून पेज पाजत होती. तिला दोन दिवस कणकण आली आणि ती उठून बसली.

"तरणीताठी मान्सं ग्येली आन् पिकली पानं झाडाला ऱ्हायली," आजी म्हणायची. "म्हातारी मरस्तवर म्हनायची, देवानं पत्ता चुकवला. माजं औक्ष सुनंला का न्हाई लागलं?"

थोरल्या आजीचा हा प्रश्न मी कितीतरी वर्षं नुसता दुःखाचा प्रश्न म्हणून ऐकला. तो शास्त्राचाही प्रश्न आहे, आणि त्यावर जगभरच्या संशोधकांनी शंभर वर्षं डोकं घातलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

ही साथ मुंबईत आली ती १९१८च्या जूनमध्ये. १० जूनला पोलिसांच्या इस्पितळात काही शिपाई तापानं दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिली लाट त्या मानानं सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली, तिनं माणसं नेली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. आगगाडीच्या रुळांवरून ताप देशभर पसरला. हिंदुस्थानात एकूण किती माणसं दगावली, याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे खानेसुमारीतलं एकच दशक असं, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मेलेल्यांत वीस ते चाळीस वयाची माणसं सर्वाधिक होती. आपल्याकडे त्यातही बायका जास्त. थोरल्या आजीनं आपल्या एका घरात जे पाहिलं, तेच देशाच्या दप्तरात उतरलं होतं.

एरवी फ्लू लहानग्यांना नेतो आणि म्हाताऱ्यांना नेतो, मधल्यांना बहुधा सोडतो. मग त्या वर्षी हे उलटं का झालं? एक सबळ अंदाज असा आहे की, १८८९ सालच्या मोठ्या साथीआधी ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या शरीरानं या विषाणूच्या एखाद्या जवळच्या भाऊबंदाला लहानपणी तोंड दिलं होतं. पहिल्या गाठीची छाप शरीरावर खोल उमटते. १८८९नंतर जन्मलेल्यांची पहिली गाठ दुसऱ्याच फ्लूशी पडली, आणि नवा शत्रू आला तेव्हा त्यांच्याकडची ओळख चुकीची ठरली. त्यात तरुण शरीराची प्रतिकारशक्ती इतकी पेटली की तिच्या आगीत स्वतःचीच फुप्फुसं भाजून निघाली. हा अंदाज खरा असेल तर थोरल्या आजीला वाचवलं ते तिच्या विसरून गेलेल्या बालपणातल्या कुठल्याशा तापानं. देवानं पत्ता चुकवला नव्हता. तिच्याकडे जुनी ओळख होती, सुनेकडे नव्हती.

शरीर इतकं जुनं खरंच लक्षात ठेवतं का? २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८ची साथ पाहिलेल्या ३२ माणसांचं रक्त तपासलं. सगळी एक्क्याण्णव ते एकशे एक वर्षांची. साथीच्या वेळी ती दोन ते बारा वर्षांची होती. त्या सगळ्यांच्या रक्तात १९१८च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली, आणि काहींच्या रक्तात ती प्रतिपिंडं घडवणाऱ्या पेशी अजून फिरत होत्या. त्या पेशींपासून मिळवलेल्या प्रतिपिंडांनी उंदरांना तो विषाणू देऊनही वाचवलं. नव्वद वर्षांची आठवण, आणि तीही कामाची! ती बातमी वाचली तेव्हा मी मनाशी हिशेब केला. आजी १९९६ साली गेली. असती तर त्या वर्षी सत्त्याण्णव वर्षांची असती. सकाळी काय जेवलो हे ती शेवटी विसरायची, पण तिच्या हाडांच्या मगजात १९१८चं नवरात्र जागं असणार, याची मला खात्री आहे.

पुढच्याच वर्षी, २००९मध्ये, स्वाइन फ्लू आला आणि देशातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला. हा नवा विषाणू १९१८च्या वंशाशी नातं सांगणारा होता. तेव्हाही साठीपुढची माणसं त्याला तुलनेनं कमी सापडली. पिकली पानं पुन्हा झाडाला राहिली.

म्हाताऱ्यांच्या सांगण्यातून शास्त्र कसं घडतं, याचा एक जुना दाखला मला फार आवडतो. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ साली गोवर आला. डेन्मार्कहून पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर तिथे पाठवला गेला. बेटांवर जेमतेम पावणेआठ हजार माणसं, त्यांतली सहा हजार आजारी पडली. पानुम घरोघरी गेला आणि वृद्धांशी बोलला. त्याला कळलं की त्याआधीचा गोवर १७८१ साली येऊन गेला होता, पासष्ट वर्षांपूर्वी. तो ज्यांनी बालपणी सोसला होता, अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही या खेपेला गोवर झाला नाही. ज्यांचा तो त्या वेळी चुकला होता, ते म्हातारे मात्र अंथरुणाला खिळले. सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू कुणी पाहिलाही नव्हता त्या काळात, केवळ आजी-आजोबांच्या आठवणी जुळवून पानुमनं सिद्ध केलं की एकदा आलेला गोवर जन्मभराचं कवच देऊन जातो. नुसतं वय माणसाला तारत नाही आणि मारतही नाही. कधी कुणाशी गाठ पडली होती, हे त्याहून महत्त्वाचं असतं.

इथवरची गोष्ट पिकल्या पानांच्या बाजूची झाली. दुसरी बाजू मी घरातच पाहिली.

१९८३च्या पावसाळ्यात आजीला नागीण झाली. मी सतरा वर्षांची होते, ती बहात्तरची. आधी दोन दिवस तिच्या उजव्या बरगडीखाली आग होत होती. आईला वाटलं पित्त असेल. तिसऱ्या दिवशी अंघोळीला पाठ उघडी केली तर कण्यापासून पोटाकडे वळत गेलेली पाणीदार फोडांची रांग दिसली. लाल बुडाचे, टाचणीच्या डोक्याएवढे, एकाला एक चिकटलेले फोड. खरंच सापानं वेटोळं घालायला घ्यावं तशी. वाड्यात चुळबूळ सुरू झाली. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, हे सगळ्यांना पाठ होतं. पलीकडच्या वाडीतले एक म्हातारबुवा नागीण उतरवायला आले. त्यांनी मंत्र पुटपुटत फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूच्या जाड रेघा ओढल्या, नागिणीला वेस घालावी तशा. आई रात्रभर कंदिलाच्या उजेडात ती रांग बोटांनी मोजत होती. पुढे सरकते का, बघत होती.

नागीण पुढे सरकली नाही. सरकणारच नव्हती. हे मला पुढे कळलं. कण्यातून डाव्या-उजव्या बाजूला नसांच्या जोड्या निघतात, आणि प्रत्येक नस कातडीचा एकेक पट्टा सांभाळते. तो पट्टा पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत येतो आणि थांबतो. नागीण बहुधा एकाच नसेच्या पट्ट्यातून धावते, म्हणून ती मध्यरेषेशी अडते. म्हातारबुवांच्या गेरूआधीच शरीरानं तिथे वेस घातलेली असते.

आणि ती आली कुठून? बाहेरून आलीच नव्हती. आजीला पाचव्या वर्षी कांजिण्या झाल्या होत्या. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण विषाणू गेला नाही. तो नसांतून वर चढून कण्यालगतच्या गाठींत जाऊन निजला आणि सदुसष्ट वर्षं निजून राहिला. त्याला निजवून ठेवणारे पहारेकरी म्हणजे रक्तातल्या टी पेशी. त्यांची संख्या आणि धार वयाबरोबर कमी होत जाते. पहारा ढिला पडला की तो उठतो आणि आला त्या नसेवरून खाली उतरतो. कांजिण्यांचा विषाणू म्हणजेच नागिणीचा विषाणू.

ही जोडी एडगर होप-सिम्पसन या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं नीट उलगडली. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर या गावात त्यानं आपल्याच दवाखान्यातल्या नागिणीच्या रुग्णांची सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ साली ती मांडली. माणसं पंच्याऐंशीपर्यंत जगली तर त्यांतल्या अर्ध्यांना कधी ना कधी नागीण होईल, हा त्याचा हिशेब आजही टिकून आहे.

आजीच्या नागिणीनंतर पंधरा दिवसांनी माझ्या चार वर्षांच्या चुलतभावाला कांजिण्या फुटल्या. तो सारखा आजीच्या कुशीत असायचा. गावात कुणालाच तेव्हा कांजिण्या नव्हत्या, त्यामुळे सगळे चक्रावले. बुडापेस्टच्या यानोश बोकाय या डॉक्टरनं असंच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं होतं. घरात मोठ्या माणसाला नागीण, मागोमाग पोराला कांजिण्या. फॅरो बेटांवरचा गोवर सगळ्यांना होऊन गेला आणि नाहीसा झाला, कारण त्याला लपायला जागा नव्हती. त्याला पुन्हा यायला जहाज लागलं आणि पासष्ट वर्षं लागली. कांजिण्यांना जहाज लागत नाही. हा विषाणू आजीच्या पाठीत वाट बघतो आणि नातू जन्मला की त्याच्याकडे जातो. लहानशा वाडीतसुद्धा तो पिढ्यान् पिढ्या टिकतो तो असा.

फोड महिन्याभरात वाळले. दुखणं मात्र दोन वर्षं राहिलं. चोळीचा काठ लागला तरी आजी कळवळायची. आईनं जुन्या धोतराची मऊ फडकी शिवून तिला घालायला दिली. रात्री दोन वाजता आजी भिंतीला टेकून बसलेली दिसायची, हातात विंझणा, ओठ मिटलेले. मानमोडीतून वाचलेली, प्लेगच्या दिवसांत माळावरच्या खोपटात राहिलेली ही बाई वाऱ्याच्या झुळकीला भिऊ लागली होती. आज पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर आजार सौम्य होतो. आमच्या गावाला तेव्हा त्या माहीत नव्हत्या.

आता प्रश्न असा की, ज्या शरीरात नव्वद वर्षांपूर्वीची आठवण टिकते, त्याच शरीराचा पहारा असा ढिला का पडतो?

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. तारुण्यापासून लोपत जाते ती. तान्ह्या बाळात ती छातीच्या मानानं मोठी असते. वयात आल्यावर आक्रसू लागते आणि साठीपर्यंत तिथे बहुतेक चरबीच उरते. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा ती पिल्लं साध्या संसर्गानं मरू लागली. तोवर तिचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. टी पेशींची ती तालीम आहे. हाडांच्या मगजातून आलेल्या कोवळ्या पेशी इथे घडतात, आपलं कोण आणि परकं कोण हे शिकतात. तालीम बंद होत आली की नवे पहिलवान जवळजवळ निघत नाहीत. जुनेच पुन्हा पुन्हा झुंजतात, आणि पेशींनाही दमायला होतं. प्रतिपिंडं घडवणाऱ्या काही जुन्या पेशी मगजात दशकानुदशकं ठाण मांडून असतात, म्हणून आजीच्या दंडावरच्या वणांमागची ओळखसुद्धा पक्की होती. देवीची लस घेतलेल्या माणसांत प्रतिपिंडं पंच्याहत्तर वर्षांनीही टिकून असल्याचं २००३ साली दिसलं. त्याच माणसांत टी पेशींचं बळ मात्र दर आठ ते पंधरा वर्षांनी निम्म्यावर येत गेलं होतं.

म्हणजे पिकलेलं शरीर सरसकट दुबळं नसतं. त्याची आठवण पक्की असते, शिकणं मंद झालेलं असतं. ओळखीचा चोर आला तर ते दारातच धरतं. अनोळखी आला तर त्याला कळायला उशीर होतो. शिवाय वयाबरोबर अंगात एक बारीक दाह सतत धुमसत राहतो. क्लाउडिओ फ्रान्सेस्की या इटालियन शास्त्रज्ञानं २००० साली त्याला नाव दिलं. चुलीतले निखारे विझतही नाहीत आणि भाकरी भाजायला हवी तेव्हा जाळही धरत नाहीत, तशी ती गत.

कोविड हा असा अनोळखी होता. १९१८च्या उलट या वेळी पिकली पानं गळली. जगात कुणाच्याही शरीरात त्याची जुनी ओळख नव्हती, आणि नव्यानं शिकायची तालीम म्हाताऱ्यांपाशी उरली नव्हती. २०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी भावाला आणि आईला एकदमच लागण झाली. भाऊ बावन्न वर्षांचा, त्याला १०३ ताप, अंग फणफणलेलं. आम्ही सगळे त्याच्याभोवती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला तापमापक लावला तर ९८.८. आम्हाला हायसं वाटलं. दुपारी तिच्या उशाशी सकाळचा चहा तसाच, साय धरलेला दिसला. आई कधी चहा टाकत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८६. ती सहा दिवस प्राणवायूवर होती आणि परत आली. म्हाताऱ्या शरीरात विषाणूची पहिली वर्दी देणारी इंटरफेरॉन्स उशिरा धावतात, आणि ताप चढतोच असं नाही. ताप नाही म्हणजे आजार नाही, हा हिशेब म्हाताऱ्यांना लागू नाही. हे आज ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्या प्रत्येकाला माझ्याकडून सांगावंसं वाटतं. गप्प झालं, जेवण टाकलं, चहा टाकला, तर तोच ताप समजा.

मंद झालेल्या शिकण्याला हात देता येतो, आणि नागिणीची लस त्याचा सगळ्यांत चांगला दाखला आहे. पहिली लस २००६ साली आली, निर्बल केलेल्या जिवंत विषाणूची. तिनं नागिणीचं प्रमाण निम्म्यावर आणलं, पण सत्तरीपुढे तिचा जोर ओसरायचा. ज्यांना सर्वांत गरज, त्यांनाच कमी गुण. २०१७ साली दुसरी आली. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन आहे, आणि जोडीला शरीराला खडबडून जागं करणारी द्रव्यं. त्यांतलं एक चिली देशातल्या किलाया झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यासारखा या सालीला फेस येतो, तिथले लोक तिनं कपडे धुवायचे. ही लस सत्तरीतल्या माणसांतही दहांतल्या नऊ नागिणी रोखते. थकलेल्या मास्तरला कुणीतरी घंटा वाजवून उठवावं आणि त्यानं पुन्हा वर्ग घ्यावा, तसं हे आहे. वेल्समध्ये २०१३ साली जन्मतारखेची रेघ मारून जुनी लस द्यायला सुरुवात झाली होती. २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळाली, आदल्या दिवशीपर्यंतच्यांना नाही. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी होतं. नसांतला तो निजलेला पाहुणा मेंदूलाही काही करत असावा का, याचा शोध आता जोरात सुरू आहे.

आपल्याकडे नवी लस २०२३ साली आली. पन्नाशीपुढे घ्यायची, दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. ती महाग आहे आणि सरकारी लसीकरणात नाही. पोलिओचा डोस प्रत्येक दारी पोचवणारा हा देश आहे. तो आपल्या आज्यांच्या पाठीचाही विचार करील, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

गेल्या वर्षी आईला घेऊन गेले. तिनं पदर सारला, दंड पुढे केला. तिच्याही दंडावर देवीचा वण आहे, आता सुरकुत्यांत मिटत चाललेला. त्याच्या दोन बोटं खाली सुई टोचली. रात्री अकराला तिनं हाक मारली. अंग कसकसतंय म्हणाली. तापमापक लावला. १००.६. मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. तीन वर्षांपूर्वी याच काचेत ९८.८ होता, आणि ती आमच्यातून निघून चालली होती. आज तिच्या शरीराला परका कळला होता, ते उठून बसलं होतं, शिकत होतं.

मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. ती दुसऱ्या हातानं दंड चेपत अंधारात पडून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सासूबाईंना चोळीचा काठसुद्धा सोसायचा नाही गं. तेव्हा हे असतं तर."